फणस आडवा पडला आणि मला कटर घ्यावा लागला

गेल्या महिन्याभरात चार जणांनी फोन करून विचारलं की तुम्ही कटर कुठून घेतलात, कितीला पडला, ऑनलाइन मागवू की देवरुखातून घेऊ. प्रत्येकाला तेच ते सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मी यातली जाणकार वगैरे अजिबात नाही. तीन वर्षांपूर्वीपर्यंत पुण्यात बसून एक्सेल शीट भरत होते, आता संगमेश्वर तालुक्यात सासरच्या घरी सासऱ्यांसोबत (आम्ही त्यांना आप्पा म्हणतो) राहते, नवरा आठवड्याआड पुण्याहून येतो. तर ज्या बाईला मे महिन्यात स्कूटरचा प्लग कुठे असतो ते माहीत नव्हतं तिचा हा अनुभव आहे, तेवढ्याच भरवशाने वाचा.

कटर म्हणजे चेनसॉ. आमच्याकडे चेनसॉ कुणी म्हणत नाही, कटर नाहीतर नुसतं 'मशीन'. गवत कापायच्या मशीनलाही कटरच म्हणतात, त्यामुळे दुकानात फोन केला की समोरचा आधी विचारतो, गवताचा की लाकडाचा.

२४ मे २०२५, शनिवार. त्या आठवड्यात आधीच चार दिवस पाऊस चालू होता, मे महिन्यात असा पाऊस आप्पांनीही पाहिलेला नाही, आणि अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र त्या दिवशी रत्नागिरी-दापोलीच्या मधेच कुठेतरी जमिनीवर आलं. सकाळी उजाडायच्या सुमाराला आधी कडकड आणि मग जमीन हादरल्यासारखा आवाज. गोठ्यामागचा बरका फणस, आप्पांच्या वडिलांनी लावलेला, मुळासकट उपटून आडवा. शेंडा गोठ्याच्या कोपऱ्यावर, फांद्या विजेच्या तारेवर आणि खोड बरोबर पाखाडीवर (वाडीत यायची दगडी पायऱ्यांची वाट). गाय वाचली, कारण ती दुसऱ्या टोकाला बांधलेली होती. नंतर बघितलं तर बुंधा आतून भिरूडाने (लाकूड खाणारी अळी) पोखरलेला, हात जाईल एवढी भोकं. बाहेरून झाड हिरवंगार, त्या वर्षीही पंचवीस-तीस फणस लागलेले.

पहिला फोन महावितरणला, तारेला कुणी हात लावायचा नाही. लाइन बंद करून ती सोडवायला त्यांची माणसं २६ तारखेला आली. त्याच दिवशी तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) गोठ्याचा पंचनामा करून गेले. टीप म्हणून सांगते, पंचनाम्याआधी काही हलवू नका आणि फोटोत झाड, गोठा आणि घर एकत्र दिसेल असे दोन-तीन फोटो काढून ठेवा, मी नुसते जवळून काढले होते आणि मग 'हा नक्की कुणाचा गोठा' इथपासून सुरुवात झाली. आणि फणस, आंबा, ऐन, किंजळ ही सगळी १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीतली झाडं, त्यामुळे पडलेल्या फणसाचा आणि मागच्या उतारावरच्या दोन वाळलेल्या रायवळ आंब्यांचा मिळून एकच अर्ज वनपाल कार्यालयात दिला. सातबारा, झाडांचे फोटो आणि हाताने काढलेला नकाशा. फणसाचं लगेच बघून गेले, आंब्यांची परवानगी यायला ऑक्टोबर उजाडला. लाकूड विकायचं नसलं तरी कागद करून ठेवा, उगाच नंतर कटकट नको.

मग मशीनवाला शोधायला लागलो. आमच्या पंचक्रोशीत कटर चालवणारे तिघे, आणि त्या आठवड्यात सगळ्यांच्याच दारात झाडं आडवी. एकाने फोन उचलला नाही, एकाने जूनच्या दहा तारखेनंतर सांगितलं, तिसरा १ जूनला अर्ध्या दिवसासाठी आला, १,८०० रुपये आणि पेट्रोल आपलं. त्याने गोठ्यावरचा शेंडा उतरवला, फांद्या सुट्या केल्या आणि "वहिनी, खोडाला नंतर येतो, पुढे अजून चौदा घरं आहेत" म्हणून गेला तो आजतागायत आलेला नाही. त्याचा राग नाही, तो तरी काय करणार. खोड पाखाडीवर तसंच. वाडीतली पोरं त्याच्यावरून उड्या मारून शाळेत जायची, म्हाताऱ्या माणसांना आमच्या खळ्यातून वळसा. आप्पा रोज सकाळी कुऱ्हाड घेऊन त्या खोडापाशी जाऊन दहा-बारा घाव घालायचे आणि धापा टाकत परत. वय ७४. शेवटी मी म्हटलं बस झालं, मशीन घेऊ.

देवरुखच्या यंत्रांच्या दुकानात फोन केला. किंमत विचारली. "दुकानात या, बघून सांगतो." साधारण तरी? "वहिनी, बघितल्याशिवाय काय सांगणार." आणि ठेवला. मला वाटलं हा गिऱ्हाईक बघून भाव सांगणाऱ्यातला. मी शहरातली, मला एमआरपी दिसल्याशिवाय चैन पडत नाही. त्याच रात्री, ३ जूनला, नेट जरा चालत होतं तेवढ्यात एका मोठ्या साइटवर ऑर्डर करून टाकली. ५८ सीसी, २२ इंची बार (ज्याच्यावरून चेन फिरते ती लांब पट्टी), ६,४९९ रुपये, साडेचार स्टार, वर "शेतकऱ्यांसाठी खास" असं लिहिलेलं. एवढी मोठी मशीन एवढ्या स्वस्तात, मला वाटलं मी फार हुशारी केली. नवऱ्याला स्क्रीनशॉटसुद्धा पाठवला.

कुरिअर आमच्या गावापर्यंत येत नाही. ११ जूनला फोन आला, साखरप्याला येऊन घेऊन जा. रिक्षाचे जाऊन-येऊन ४०० रुपये, हे साइटवरच्या किमतीत कोण धरतं. खोक्यात मशीन, बार, चेन, एक छोटी मापाची बाटली, पाना आणि एक पुस्तिका, जिच्यातलं इंग्रजी वाचून आपल्यालाच इंग्रजी येत नाही की काय असं वाटावं. मराठी-हिंदी काही नाही. व्हिडिओ बघून बार बसवला, चेन उलटी बसवली (कापणारी दाती वरच्या बाजूला पुढे, बारच्या नाकाकडे म्हणजे टोकाकडे बघत असायला हवीत, माझी हँडलकडे बघत होती), परत काढून सुलटी केली. पेट्रोलमध्ये तेल किती, यावर बाटलीवर एक प्रमाण, पुस्तिकेत दुसरं. मी मधलं घेतलं. हसू नका.

शेजारच्या भाऊंनी चालू करून दिली, त्यांना गवताच्या मशीनची सवय आहे. चालू झाली, काय आवाज! पहिली दहा मिनिटं आम्ही सगळे खुश. फांद्या सटासट. मग खोडाला लावली तर धूर यायला लागला, आधी वाटलं इंजिनाचा, पण धूर बारमधून येत होता. चेनला तेल पोचतच नव्हतं. बारची कड निळी-काळी पडली, चेन सैल होऊन दोनदा उतरली, तिसऱ्या वेळी भाऊंच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. भाऊ लुंगीवर होते. मी मशीन बंद करायला लावली आणि मला घाम फुटला, कारण तोपर्यंत ही वस्तू माणसाचा पाय कापू शकते हे डोक्यातच आलं नव्हतं, मी ती मिक्सरसारखी विकत घेतली होती. १४ तारखेला दोरी ओढताना दोरीही तुटून हातात आली.

१६ जूनला तक्रार टाकली. सात दिवसांची मुदत होती, पाचवा दिवस. उत्तर आलं की या वस्तूवर पैसे परत नाहीत, आधी टेक्निशियन बघेल. टेक्निशियनसाठी पिनकोड टाकला तर "आपल्या भागात ही सेवा उपलब्ध नाही". म्हणजे माणूस आल्याशिवाय बदलून मिळणार नाही आणि माणूस येणार नाही. चॅटवर रोज नवीन नावाचा प्रतिनिधी, रोज पहिल्यापासून गोष्ट सांगायची. रेंज मिळवायला मी छत्री घेऊन वरच्या सड्यावर (डोंगरावरचं मोकळं पठार) जाऊन बसायचे. एकदा तर जळू चिकटलेली असताना "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" वाचत होते.

इथे कामाला आलेली गोष्ट लिहून ठेवते. ई-कॉमर्ससाठी ग्राहक संरक्षणाचे २०२० चे नियम आहेत, त्यात तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एक महिन्याच्या आत द्यायचा असतो, आणि प्रत्येक साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क असावाच लागतो. तो पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात सापडतो. मी चॅट सोडून थेट त्यांना मेल केला, फोटो, बारचा व्हिडिओ आणि 'सेवा उपलब्ध नाही'चा स्क्रीनशॉट जोडून. तरी हलेना म्हणून ३० जूनला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन केला. फोन फुकट आहे. समोरच्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) दिला. त्यानंतर आठ दिवसांत साइटकडून स्वतःहून फोन! पिकअप दोनदा रद्द झालं, शेवटी मीच खोकं परत साखरप्याला नेऊन दिलं (अजून ४०० रुपये), २१ जुलैला ६,४९९ खात्यात जमा. मूळ खोकं आणि थर्माकोल आप्पांनी माळ्यावर टाकलं होतं म्हणून वाचले, ते नसतं तर परत घेतलंच नसतं. खोकं उघडतानाचा व्हिडिओही काढून ठेवत जा.

खरं सांगायचं तर पैसे परत मिळाल्याचा आनंद फार झाला नाही. पावसाळ्याचे दीड महिने गेले आणि खोड तिथेच, वर आता अळंबी उगवलेली.

दरम्यान कुणीतरी म्हणालं सरकारी अनुदान बघा. कृषी सहायकांना विचारलं, त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं की शेतकरी ओळख क्रमांक लागेल आणि पूर्वसंमती यायच्या आधी खरेदी केलीत तर अनुदान विसरा. त्यांनी सांगितलं ते बरं झालं, पण २७ ऑगस्टला गणपती आणि चाकरमानी पाखाडीनेच येणार, मूर्तीही त्याच पाखाडीने डोक्यावरून येणार. नाद सोडला.

२६ जुलैला कामासाठी पुण्याला जाणं झालं, म्हणून तिथल्या एका मोठ्या चेन स्टोअरमध्ये गेले, हायवेलगतचं, एसी, ट्रॉल्या, छताला टेकलेली मांडणी. चेनसॉ होत्या तीन प्रकारच्या, सगळ्या खोक्यात, खोकी वरच्या फळीवर. विक्रेता मुलगा फार नम्र होता. विचारलं, चालू करून दाखवता का? मॅम, आत पेट्रोल अलाउड नाही. बरोबरच आहे त्याचं. सुटी चेन? मॅम, ऑनलाइन मिळून जाईल. धार कोण लावून देईल? इथे तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "मॅम, गार्डनसाठी हवंय का?" मी म्हटलं दोन हातांच्या कवेत न मावणारा फणस आहे. तर त्याने मला बॅटरीवरची छोटी सॉ दाखवली, जी काजूच्या फांद्या छाटायला मस्त आहे, पुढेमागे घेईनही, पण फणसापुढे ती म्हणजे खेळणं.

तरी तिथलं एक मला आवडलं, भाव लिहिलेला, बिल दोन मिनिटांत, दहा दिवसांत न उघडलेली वस्तू परत, आणि मुख्य म्हणजे कुणी "मिस्टर नाही आले?" विचारलं नाही. हातमोजे, जाळीचा फेसशील्ड असलेलं हेल्मेट आणि कानाला लावायचे मफ तिथूनच घेतले, सगळे मिळून १,९५० रुपये. हे आमच्याकडच्या दुकानात मिळतच नाही, मागितलं तर लोक हसतात.

२ ऑगस्ट, शनिवार, अखेर देवरुख. फोन ठेवणारं तेच दुकान. ऑगस्टमध्ये तिथे गवताच्या मशीन दुरुस्तीला घेऊन आलेल्यांची जत्रा असते, दाराबाहेर चिखलाने माखलेल्या वीसेक मशीन ओळीने. मी अर्धा तास उभी. माझ्यानंतर आलेल्या तीन बाप्यांशी मालक बोलले. शेवटी त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "वहिनी, मिस्टर नाही आले?" मी म्हटलं, काका, मशीन मी चालवणार. (तोपर्यंत मी तसं ठरवलं नव्हतं. रागात बोलून गेले.)

काकांनी चष्मा वर केला आणि मग जे प्रश्न विचारले ते दोन महिन्यांत मला कुणी विचारले नव्हते. झाड कुठलं? उभं की आडवं? खोडाचा घेर किती? मी हात पसरून दाखवला. आडवं आहे तर दोन्ही बाजूंनी कापता येतंय ना? वर्षातून किती दिवस चालवणार, भाड्याने देणार का? कोण उचलणार? मी ५८ सीसी, २२ इंची सांगितलं तर म्हणाले, "ती उचलून अर्धा तास चालवलीत तर संध्याकाळी भाकरी थापता येणार नाही." त्यांनी ३२ सीसीच्या आसपासची, १६ इंची बारची, चार किलोची मशीन काढली. लहान. मला वाटलं फसवतायत, महागातली लहान मशीन गळ्यात मारतायत. किंमत १९,८००. कंपनीचं नाव देत नाही, जाहिरात वाटेल, आणि तसंही या वर्गातल्या दोन-तीन कंपन्यांच्या मशीन उन्नीस-बीस आहेत.

तर ते मला दुकानामागे घेऊन गेले. तिथे पत्र्याखाली एक ओंडका, वर शेकडो काप, जसा खाटकाचा ठोकळा. दुरुस्तीला आलेली तसलीच एक मशीन घेतली. जमिनीवर ठेवून मागच्या हँडलमध्ये बुटाचं टोक, डाव्या हाताने वरचा दांडा दाबून धरायचा, पुढचा ब्रेक पुढे ढकललेला. लिव्हर पूर्ण खाली म्हणजे चोक. दोरी आधी हळू ओढायची, अडली की मग झटका. एक, दोन, तिसऱ्याला मशीन एकदाच खोकली आणि बंद. "हां, ती खोकली की चोक एक खटका वर. खोकल्यावरही तसाच ओढत बसलात की प्लग ओला." परत दोरी, आणि सुरू. मग बारचं टोक एका जुन्या कागदावर वीतभर वर धरून रेस दिली, कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली. "ही रेघ दिसल्याशिवाय लाकडाला लावायची नाही." मी त्या रेघेकडे बघत राहिले. जूनमध्ये एवढंच कुणी सांगितलं असतं तर!

मग मला पाच वेळा चालू करायला लावली, पाच वेळा बंद. दोन काप मारायला लावले. बाहेरचे गवतवाले बघायला जमले, कुणीतरी मोबाइलही काढला. हात थरथरत होते पण कापलं.

नाकाचं काकांनी तीनदा सांगितलं, बारच्या टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला लागला की मशीन उलटी तोंडावर उसळते, म्हणून टोकाने कापायचं नाही आणि खांद्याच्या वर उचलायची नाही. ओढणी नाही, लुंगी नाही, एकट्याने नाही.

आता त्यांचं दुसरं अंगही सांगते. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा काका सहज म्हणाले, बिल नको असेल तर हजार-पंधराशे कमी करू. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण साइटशी महिनाभर भांडले ते बिलाच्या जोरावरच. म्हटलं काका, जीएसटी बिल पाहिजे आणि वॉरंटी कार्डावर तारीख, मशीनचा नंबर आणि शिक्का पण. जरा तोंड वाकडं केलं पण दिलं. कार्ड नीट वाचा, घरगुती वापर आणि भाड्याचा वापर यांची वॉरंटी वेगळी असते. आणि १६ इंची स्टॉकमध्ये नव्हतीच! कोल्हापूरहून येणार, "चार दिवसांत." २,००० अॅडव्हान्स दिले. चार दिवसांचे बारा झाले, आंबा घाटाचं कारण, मग गाडीचं कारण, मग फोनच नाही. त्या बारा दिवसांत मी त्यांना मनातल्या मनात फार बोलले. साइटवर निदान गाडी कुठे पोचली ते तरी दिसतं.

१४ ऑगस्टला मशीन मिळाली. सोबत ४ मिलिमीटरची गोल कानस, धार लावायची पट्टी आणि पहिल्या वर्षात दोन सर्व्हिस फुकट. चेनचं तेल ३०० रुपये आणि पेट्रोलमध्ये घालायच्या तेलाची छोटी बाटली वेगळी. कंपनीचं तेल असेल तर एका लिटरला २० मिली, साधं टू-टी (2T) तेल असेल तर ४० मिली, हे त्यांनी मशीनच्या खोक्यावरच मार्करने मराठीत लिहून दिलं. पेट्रोल पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत देत नाहीत, मी दोन पंपांवरून परत आले, मग आप्पांचा जुना पत्र्याचा कॅन नेला. आणि मिसळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवायचं नाही, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये पाणी धरतं, पंधरा दिवस काम नसेल तर टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची.

१५, १६ आणि १७ ऑगस्ट, तीन दिवस खोड कापलं. मी, भाऊ (या वेळी जीन्स आणि गमबूट, लुंगीला मीच बंदी घातली) आणि आळीपाळीने सुट्टीवरचा नवरा. फणसाचा भुसा पिवळाधम्मक असतो, हळद सांडल्यासारखा, पाखाडीच्या पायऱ्या सगळ्या पिवळ्या. चेनला धार असली की कपटे उडतात, धार गेली की पीठ पडायला लागतं, हे बघून कळतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदम पीठ पडायला लागलं, कारण खोडाखालच्या जांभ्या दगडाला चेन एकदा, फक्त एकदा टेकली. कानस काढली. प्रत्येक दाताला तीन-तीन घासे, सारखेच, आधी एका बाजूचे सगळे दात, मग दुसऱ्या बाजूचे. पहिल्यांदा मला पाऊण तास लागला, आता वीस मिनिटं लागतात. एकदा खोड खाली दबून बार अडकला, भाऊ ओढायला लागले, आप्पा ओरडले, ओढू नका, पाचर मारा. ऐनाच्या लाकडाची पाचर त्यांनी स्वतः तासून आणली आणि कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकली, काप उघडला, बार सुटला. मशीन आल्यापासून ते जरा रुसल्यासारखे होते, त्या पाचरेनंतर खुलले.

बुंध्याचा पोखरलेला भाग कापताना एक भिरूडाची अळी मिळाली, बोटाएवढी जाड, पांढरी. नवऱ्याने मग वाचून सांगितलं की आताच्या चेनच्या दातांचा आकार म्हणे अशाच एका लाकूड खाणाऱ्या अळीवरून सुचला, १९४६ साली अमेरिकेत ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने ती अळी डावीकडे-उजवीकडे कशी कुरतडते ते बघितलं आणि तशी चेन बनवली. म्हणजे ज्याने आमचा फणस पाडला त्याच्याच जातभाईच्या दातांनी आम्ही तो कापत होतो. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, मग ६,५०० ची मशीन कशाला आणलीस, भिरूडच पाळायचे.

१८-१९ ला तुफान पाऊस झाला, पण तोवर पाखाडी मोकळी होती. गणपती नेहमीच्या वाटेने आले.

दोन महिन्यांनी, ऑक्टोबरच्या शेवटी, परवानगी आल्यावर वाळलेले आंबे कापताना मशीन रेस दिली की गुदमरायला लागली. रविवार, दुकान बंद. तरी काकांना फोन लावला. म्हणाले, "बोलू नका, मशीनजवळ फोन धरा आणि रेस द्या." दिली. "परत." परत दिली. "स्क्रूला हात लावलात?" नाही. "लावू नका. मागचं झाकण काढा, फिल्टर झटका, घरात जुना टूथब्रश असेल तर त्याने." झाकण काढलं तर फिल्टरवर भुशाचा अर्धा इंच थर. साफ केला, चालू, पहिल्यासारखी. मी थँक्यू म्हणायच्या आत फोन कट. त्यांची ही सवय काही जात नाही.

आमच्या वाडीतल्या एकाने मात्र तसलीच ऑनलाइन मशीन घेतलीय आणि त्याची दीड वर्षं झकास चालतेय, कारण तो स्वतः गॅरेजवाला आहे, आल्या दिवशी सगळी खोलून परत जोडली म्हणाला. पार्टही त्याला कोल्हापुरात स्वस्तात मिळतात. ज्याला खोलता येतं त्याने घ्यावी. देवरुखचे काका बाहेरून आणलेल्या मशीनला हात लावतात, पण रांगेत सगळ्यात शेवटी, आणि चेहऱ्यावर तसं लिहिलेलं असतं.

सध्या काम नाही म्हणून परवाच मशीन पुसून टाकी रिकामी करून ठेवली. फणसाच्या चार जाड फळ्या गोठ्यात वाळायला लावल्यात, आप्पांना त्यातून पाट करून घ्यायचेत, सुतार म्हणाला अजून वर्षभर हात लावू नका. पहिली फुकट सर्व्हिस १४ फेब्रुवारीच्या आत करून घ्यायची आहे, ते कार्ड फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलंय.